परबबाईंचा कौल

परबबाईंना खोटं बोललेलं एकवेळ चालायचं, बोललेलं मागे घेतलेलं चालायचं नाही. परळच्या आमच्या म्युनिसिपल शाळेत ही गोष्ट पहिलीतल्या पोरांपासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. एखादा पोरगा रडत आला, "बाई, यानं मला मारलं," की आम्ही बाकीच्या जणी त्या दुसऱ्याचा कान धरायचो आणि मोकळ्या व्हायचो. बाई मात्र शांतपणे विचारायच्या, "बरं. मग तू काय केलंस?" आणि थांबायच्या. त्यांचं ते थांबणं भयंकर असायचं. पोरगा चुळबुळत सांगायचा की मी त्याची पाटी फोडली. "मग त्यानं काय केलं?" असं करत सगळं प्रकरण बाहेर यायचं. मध्येच पोरगा म्हणाला, "नाही बाई, तसं नाही झालं," की बाई मान हलवायच्या. "तोंडातून गेलं ते घडलं. पुढे बोल."

मी तिथे नव्याने लागले होते. गिरगावातल्या फणसवाडीतली मुलगी मी. लालबाग-परळचा आमचा संबंध गणपती बघण्यापुरता. बाई माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठ्या, उंच, काटकुळ्या, कडक स्टार्चच्या सुती साडीतल्या. लग्न केलेलं नव्हतं. चिंचपोकळीला भावाबरोबर राहायच्या. पर्समध्ये पैशांपेक्षा खडूच जास्त. मधल्या सुट्टीत कोपऱ्यात बसून ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं पुस्तक वाचायच्या, त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, "भूगोल". मला आधीच नसत्या चौकशा फार. एकदा त्या पाणी प्यायला उठल्या तेव्हा मी ते उघडून पाहिलं. आत कवट्यांच्या ढिगावर तलवार उपसून उभा असलेला एक उघडाबंब दांडगा होता आणि त्याच्या पायाशी तितकीच उघडी बाई. मला हसू आवरेना.

बाई मागेच उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या बाईकडे लक्ष देऊ नकोस. ती पुस्तकात कुठेच नाही, चित्रकाराने आपल्या मनाने घातली आहे."

ही पुस्तकं त्या फोर्टच्या फुटपाथवरून आणायच्या. तलवारी, मांत्रिक, उजाड देवळं, खजिने. त्यातल्या नायकाचं नाव त्यांनी दांडगेश्वर ठेवलं होतं. कथा सगळ्या एकाच साच्यातल्या: दांडगेश्वर एकटा किल्ल्यात शिरतो, मांत्रिकाला उभा चिरतो आणि घोड्यावर बसून निघून जातो. असल्याच एका पुस्तकाच्या शेवटच्या पानांत त्यांना एक लेख सापडला. परदेशात म्हणे लोक या गोष्टी टेबलाभोवती बसून खेळतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली एकेक माणसं होतात, आपला माणूस काय करतो ते तोंडाने सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. बाईंच्या डोक्यात हे जे बसलं ते बसलंच. हेच त्या रोज पोरांशी करत होत्या, फक्त तलवारी नव्हत्या.

मग गिरण्यांचा संप आला. बाईंचा भाऊ शांताराम आणि समोरच्या खोलीतला महादेव एकाच गिरणीत, एकाच विणाई खात्यात होते. दोघं कोकणातल्या एका गावचे, एकाच बोटीने मुंबईला आलेले, चाळीत समोरासमोर दारं. शांताराम गेटवर पहारा देणाऱ्या पोरांचा म्होरक्या झाला. महादेव मुळातच कमी बोलणारा, तो आणखी गप्प झाला. महिने उलटले, संपाचं वर्ष झालं, तरी गिरणी सुरू होईना. घरात बसलेले पुरुष काय करतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ते पॅसेजमध्ये बसतात, एकमेकांच्या दाराकडे बघतात, आणि बादली सरकवल्यावरून हाणामारी करतात. बाईंना त्या दोघांची धास्ती वाटायची, आणि हे त्यांनी मला सरळ सांगितलं. म्हणाल्या, हे दोघे एक दिवस एकमेकांचा जीव घेतील, आणि गिरणी मालकाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

म्हणून एका रविवारी दुपारी त्यांनी शाळेतून मोडीत निघालेला फळा दोन पाटांवर आडवा टाकला आणि त्यावर खडूने किल्ला काढला. खेळायला शांताराम, महादेव, खालच्या मजल्यावरचे म्हातारे अप्पा आणि मी. मला का बोलावलं ते विचारलं, तर म्हणाल्या, "ते दोघं गप्प बसले की तू बोल. तुला ते जमतं."

माणसं म्हणून गिरणीतल्या सुताच्या लाकडी बॉबिनचे तुकडे. फासा म्हणून सहा कवड्या. पण खरी मेहनत त्यांनी गोष्टीवर घेतली होती. दांडगेश्वराला त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकलं. मी म्हटलं, अहो, तोच तर हिरो. त्या म्हणाल्या, "एक माणूस किल्ला जिंकतो हे वाचायला बरं. इथे चौघं बसलेत. उरलेल्या तिघांनी काय टाळ्या वाजवायच्या?" म्हणून त्यांच्या किल्ल्याचं प्रत्येक दार असं होतं की एकट्याला उघडायचंच नाही. एकाने साखळी ओढून धरायची, दुसऱ्याने आत शिरायचं. आणि साखळी ओढून धरायची पाळी त्या बरोब्बर शांतारामवर आणायच्या, आत शिरायची महादेववर. दोघांना ते कळत होतं की नाही देव जाणे. मला कळत होतं, आणि मी मुकाट्याने बघत होते.

नियम एकच, शाळेतलाच. तोंडातून गेलं ते घडलं. दुसऱ्याच रविवारी मी वैतागून म्हटलं, "जाऊ दे, टाकते माझी तलवार विहिरीत." बाईंनी फळ्यावरच्या विहिरीत एक छोटी फुली काढली. मी कितीही गयावया केली तरी ती तलवार मला परत मिळाली नाही. पुढचे कितीतरी रविवार मी नुसती वेताची काठी घेऊन राक्षसांसमोर उभी होते, आणि अप्पा मला "काठयेची बाय" म्हणायचे.

एकदा चौघं वाटेतल्या धर्मशाळेत पोचलो. पुस्तकात तिथे दोन ओळी आहेत, दांडगेश्वर मांस खातो आणि मारामारी करतो. बाईंनी विचारलं, काय मागवता? आणि महादेव, जो महिन्याभरात चार वाक्यं बोलला नव्हता, तो सांगायला लागला. सुरमई, तीही मधला तुकडा. वडे, पाच. कोंबडीचा रस्सा, नारळ भाजून वाटलेला. शांतारामने त्यात सोलकढी घातली, अप्पांनी वरून तांदळाची पेज मागितली कारण इतकं त्यांना पचायचं नाही. ते दोघं घरात त्या दिवशी काय जेवले होते ते मला माहीत होतं. बाईंनी एकेक पदार्थ फळ्यावर लिहिला आणि घाई केली नाही. सगळी दुपार त्या जेवणात गेली. कोणी रडलं नाही, म्हणून मीही नाही रडले.

घोटाळा झाला तो सापाच्या देवळात. पुस्तकातला दांडगेश्वर खजिन्यावरच्या प्रचंड सापाचं मुंडकं उडवतो. बाईंनी त्या सापासाठी नियमांवर नियम केले होते: शेपटीचा फटका, विषाचा फूत्कार, किती कवड्या पालथ्या पडल्या तर काय. साप वेटोळं सोडून उठला, आणि बाईंनी विचारलं, "काय करता?" चौघांपैकी तिघं हात जोडून बसले.

अप्पा म्हणाले, "ह्यो जागेचो राखणदार आसा, बाय. ह्येका मारूचो नाय."

बाईंनी समजावून पाहिलं की हा गोष्टीतला साप आहे, परदेशी आहे. अप्पांनी विचारलं, परदेशात राखणदार नसतात काय? नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, बस्स. आणि त्यांनी तिथल्या तिथे सुरुवात केलीच: "बा राखणदारा म्हाराजा, ही चार पोरां पोटासाठी तुझ्या दारात इली आसत, त्यांका वाट दी रे म्हाराजा." शांताराम आणि महादेव एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." कित्येक महिन्यांत ते दोघं पहिल्यांदाच एका सुरात काही बोलले असतील. बाईंनी खडू खाली ठेवला. त्यांच्याकडे याला नियमच नव्हता. त्या दिवशी खेळ तिथेच थांबवला आणि आठवडाभर त्या शाळेत माझ्यावर चिडून होत्या, जणू सापाला मीच नमस्कार केला होता.

पुढच्या रविवारी त्या नवा नियम घेऊन आल्या. लढाई कवड्यांवर, पण जिवावरचा प्रश्न असला तर कौल. अप्पांचा हट्टच होता तसा. कवड्या जुगाराच्या, त्यांच्यावर माणसाचा जीव टाकायचा नाही. गावी देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावून कौल घेतात, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवाला या खेळात आणायला बाईंनी साफ नकार दिला. शेवटी पाण्याने भरलेला तांब्या ठेवायचा ठरला, त्याच्या दोन बाजूंना झेंडूच्या दोन पाकळ्या. अप्पा म्हणाले, देव नाय तर नाय, पाकळी तरी खोटा सांगूची नाय. कौल लावला की पंखा बंद व्हायचा, आणि पाकळी सुटेपर्यंत कोणी मोठ्याने श्वाससुद्धा घ्यायचं नाही.

त्याच सुमाराला बातमी आली की गिरणी मागच्या दाराने माणसं आत घेते आहे. जे आत गेले त्यांना गेटवरच्या पोरांनी संध्याकाळी बाहेर गाठून मारलं होतं. एकाचा हात मोडला होता. महादेवची धाकटी मुलगी आजारी होती, बायको माहेरी निघून जायची भाषा करत होती. तो जाणार अशी कुजबुज चाळीत सुरू झाली. शांताराम पॅसेजमध्ये उभा राहून कोणाचंही नाव न घेता मोठ्याने म्हणाला, जो आत जाईल तो आपल्या पायांनी परत येणार नाही. समोरचं दार लोटलेलं होतं. मी त्या रविवारी गेले ती खेळ होणारच नाही अशा समजुतीने.

पण सगळे जमले होते. फळ्यावर मांत्रिकाचा किल्ला होता, आणि बाहेर आम्ही चौघं वेढा घालून. महादेव आला तोच वेगळा दिसत होता, दाढी केलेली, केस विंचरलेले. बसल्या बसल्या म्हणाला, "बाई, माका कौल होयो."

बाईंनी विचारलं, कसला?

"माझो माणूस एकटोच भितर जाता. मागच्या दरवाजान. जाव काय नको, ता इचारूचा आसा."

खोलीत कोणालाच काही समजावून सांगायची गरज उरली नाही. शांतारामच्या मानेची शीर टरारली. हा माणूस उद्या सकाळी गिरणीत जायचं की नाही हे झेंडूच्या पाकळीला विचारत होता, आणि पाकळी जे सांगेल ते तो करणार होता. गावाकडे जमिनीचे, लग्नाचे निर्णय कौलावर सोडणारी ही माणसं. त्याला यात वावगं काहीच वाटत नव्हतं. बाईंनी देवाला बाहेर ठेवलं होतं, पण हा विश्वास कसा बाहेर ठेवणार?

अप्पांनी उठून पंखा बंद केला. बाईंनी पाकळ्या लावल्या. आम्ही पाचजण त्या तांब्याकडे बघत बसलो. रस्त्यावर कोणीतरी कल्हई लावायची आरोळी देत गेला. उजवी पाकळी वरून जराशी सुटली, वाकली, लोंबायला लागली. शांताराम गुडघ्यावर उठला. आता पडणार, आणि पडली की एक माणूस आत जाणार आणि दुसरा त्याचे पाय मोडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बाईंनी तांब्या उचलला आणि दोन्ही पाकळ्या अंगठ्याने पुसून टाकल्या.

स्वतःचा नियम मोडताना मी त्यांना त्या एकदाच पाहिलं. महादेवला म्हणाल्या, हे पाकळीला विचारायचं नाही, ते तुझं तू ठरव. महादेवने तो पुसलेला तांब्या हाताने बाजूला सारला. मग म्हणाला, "जातंय." बाईंनी त्याचा बॉबिनचा तुकडा किल्ल्याच्या मागच्या दारातून आत सरकवला. मग तोच तुकडा उचलून पुन्हा दाराबाहेर ठेवला आणि भावाकडे वळल्या. खेळताना त्या नेहमी शाळेतली भाषा बोलायच्या. त्या दिवशी घरातली बोलल्या.

"शांताराम, तुझो माणूस दारार उभो आसा. महादेवाचो माणूस भायर येता. तू काय करतंस?"

"ह्यो आता खेळ नाय," शांताराम म्हणाला.

"ह्यो खेळच आसा, म्हणानच इचारतंय. भायर तुका कोण इचारूचो नाय."

आणि त्या थांबल्या. वर्गात थांबायच्या तशाच, पण या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. शांतारामला नियम माहीत होता. जे बोलेल ते घडणार. त्याने महादेवकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. त्याचा जबडा हलत होता. हा उठून फळाच उलटवेल असं मला वाटलं. शेवटी तो अगदी हळू म्हणाला, "मी तोंड फिरवतंय."

"आणि हात?"

"हात उचलूचंय नाय."

"तुझ्या वांगडाचे?" म्हणजे बरोबरचे.

"तेंचे पण नाय."

अप्पा म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले. महादेव चपला घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेव मागच्या दाराने गिरणीत गेला. संध्याकाळी सुटला तेव्हा गेटवर पोरं होती, हातात सळया होत्या. शांताराम त्यांच्या पुढे जाऊन महादेवकडे पाठ करून उभा राहिला. जो मारायला येईल त्याला आधी शांतारामला बाजूला सारावं लागलं असतं, आणि ती कोणाची छाती नव्हती. महादेव त्याच्या पाठीमागून घरी चालत गेला. मला हे बाईंनीच स्टाफरूममध्ये सांगितलं. त्या दिवशी मी त्यांना मिठी मारली, आणि त्यांना काय करावं ते कळेना; खडूचे हात बाजूला धरून उभ्या राहिल्या.

पण शांतारामने तोंड फिरवलं ते फिरवलंच. समोरासमोर दारं, एकच पॅसेज, एकच नळ, आणि त्याने महादेवकडे पुन्हा पाहिलं नाही. महादेव आला की तो भिंतीकडे वळायचा. महादेवच्या मुलीच्या लग्नात आहेर पाठवला, स्वतः गेला नाही. गिरणी पुढे बंदच पडली, तेव्हा महादेवचीही नोकरी गेली. एकाला हिंदमाताला साडीच्या दुकानात वॉचमनकी मिळाली, दुसरा चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपमध्ये लागला. आता दोघांत भांडायला कारण उरलं नव्हतं, तरी तोंड फिरवलेलंच. खेळही त्या रविवारनंतर झाला नाही. फळा बाईंनी पलंगाखाली सरकवला.

पुष्कळ वर्षांनी आम्ही दोघी हिंदमाताला साड्या बघत होतो. समोर दुकानदार पदर उलगडून दाखवत होता आणि बाई मध्येच म्हणाल्या, "मला हाताचं विचारायचं सुचलं. किती दिवस, ते विचारायचं राहिलं."

मी चिडले. म्हटलं, मग सांगा ना त्यांना, संपला खेळ म्हणून, तुम्हीच केलेला नियम तुम्ही मोडा. बाई म्हणाल्या, सांगितलं. कितीदा सांगितलं. तो म्हणतो, तोंडातून गेलं ते घडलं. बाई एका निळ्या साडीचा काठ चिमटीत धरून बसल्या होत्या, आणि ती साडी त्यांनी घेतली नाही. सापासाठी, विहिरीसाठी, साखळीसाठी त्यांनी नियम केले होते. राग संपल्यावर काय, याचा करायचा राहून गेला होता, आणि त्यापायी त्या झुरत होत्या. मला त्यांची इतकी कणव कधी आली नव्हती.

शांताराम गेल्याचं कळलं तेव्हा मी गिरगावातून धावत गेले. तिरडी पॅसेजमध्ये बांधून झाली होती. अप्पा केव्हाच वारले होते. दोन पुतणे, एक जुना गिरणीवाला. चौथा खांदा कोणाचा यावर हळू आवाजात बोलणी चालली होती. महादेव आपल्या दाराच्या चौकटीत उभा होता, पांढरे केस, अनवाणी पाय. उंबरा ओलांडत नव्हता. सगळे त्याच्याकडे न बघता त्याच्याकडेच बघत होते.

बाई पॅसेज ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "महादेव, खांद्याक ये."

त्याने विचारलं, "त्येका चलात?"

"त्येका आता इचारूचा नाय. माका इचार."

त्याने विचारलं नाही. आला आणि पुढचा डावा दांडा खांद्यावर घेतला. चाळीचा जिना अरुंद, वळणावर तिरडी तिरकी केल्याशिवाय जात नाही. ती तिरकी झाली आणि शांतारामचं डोकं घरंगळून डावीकडे वळलं, थेट महादेवच्या बाजूला. पुतण्या खालून ओरडला, "थांबा थांबा, तोंड सरळ करा."

बाई वरच्या पायरीवर कठडा धरून वाकल्या होत्या. म्हणाल्या, "राहू दे तसंच."

मग ते सावकाश खाली उतरले. बाई कठड्याशीच उभ्या राहिल्या. पुढच्याच महिन्यात त्या गावी निघून गेल्या, आणि मी त्यांना पाहिलं ते तेच शेवटचं.